परत घेतलेलें औषध



१९८६ सालच्या जानेवारी महिन्यांत इंग्लंडांतील एखाद्या लहानशा गांवीं घडला असेल असा एक प्रसंग प्रथम डोळ्यांपुढें आणावा. एक प्रौढ गृहस्थ, पेशानें कारकून, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नेहमींच्या औषधाच्या दुकानांत जातो. दोन वर्षांपूर्वीं ह्याच गृहस्थाला सकाळीं अंथरुणावरून उठून दाढी करणें हें डोंगर चढण्याइतकें अवघड झालें होतें. जेवणाला चव नव्हती. वर्तमानपत्र हातांत धरलें तरी ओळ पुढें सरकत नव्हती. मुलांच्या हंसण्यानें आनंद होत नव्हता आणि त्यांच्या रडण्यानें दुःखहि होत नव्हतें. एकदोन औषधें झालीं. त्यांनीं झोंप आणली, तोंड कोरडें पाडलें, पण मनावरचा दगड हलला नाहीं. पुढें ‘मेरिटाल’ ह्या नांवानें मिळणारें नॉमिफेन्सीन सुरू झालें, आणि कांहीं आठवड्यांत तो माणूस पुन्हां कामावर जाऊं लागला. आज दुकानदार त्याची चिठ्ठी परत करतो आणि सांगतो कीं, हें औषध यापुढें यावयाचें नाहीं. कंपनीनें तें जगभर विक्रींतून काढून घेतलें आहे.

हा गृहस्थ कल्पनेंतला आहे. परंतु औषध, साल आणि घटना ह्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि अशा रोग्याच्या मनाची स्थिति काय झाली असेल हें समजण्यास फारशी कल्पनाशक्ति लागत नाहीं. बुडत्या माणसाच्या हातीं लागलेली फळी, ‘ही सदोष आहे’ असें म्हणून कोणी काढून घ्यावी, तसें त्याला वाटतें. ‘मला तर कांहींच अपाय झाला नाहीं. ज्यांना झाला ते कोणी दुसरे. मग माझें औषध कां काढून घेतां?’ असा त्याचा सवाल असतो. ह्या सवालाच्या पाठोपाठ दुसरा विचार येतो : दुकानांत मिळत नसेल तर दुसरीकडे कोठें तरी मिळत असेलच, परदेशांत, कोणाच्या जुन्या सांठ्यांत, नाहीं तर टपालानें मागविलेल्या एखाद्या पुडींत. नॉमिफेन्सीन जाऊन आतां चाळीसेक वर्षें झालीं, तरी अशा परत घेतलेल्या औषधांचा शोध घेणारे लोक आजहि जगांत आहेत. त्यांना अविचारी म्हणून उडवून लावणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. त्यांचा प्रश्न खरा आहे. तो नीट कसा मांडावा व त्यांतील धोका कसा तोलावा, एवढेंच ह्या भाषणांत पाहावयाचें आहे.

अशीं औषधें शरीरांत करतात तरी काय, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. ह्या हकीकतीचें एक मूळ, अक्षरशः मूळच, आपल्या देशांतलें आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शांत झोंप यावी व मनाचा क्षोभ उतरावा म्हणून पूर्वापार देत आले आहेत. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा उपयोग करून पाहिला आणि १९४९ सालीं आपले अनुभव इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. तें घेणारे कांहीं रोगी खोल खिन्नतेंत जातात, असें त्या काळच्या डॉक्टरांच्या नजरेस आलें. ह्या निरीक्षणाबद्दल पुढें मतभेद झाले. तथापि त्यानें संशोधकांना विचार करावयास लाविलें. १९५७ सालीं स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनीं रिसर्पीननें निश्चल झालेल्या सशांना, ज्यापासून डोपामाइन बनतें तें द्रव्य टोंचलें. आणि निपचित पडलेले ससे थोड्याच वेळांत हालचाल करूं लागले. डोपामाइन हा मेंदूंतील एक स्वतंत्र निरोप्या आहे, हें तेव्हांपासून उमगूं लागलें. ह्या कार्याबद्दल २००० सालच्या नोबेल पारितोषिकांत कार्लसन यांना वांटा मिळाला.

डोपामाइनला पुष्कळदां ‘सुखाचें रसायन’ म्हणतात. पण त्याचें काम सुख देण्यापेक्षां प्रवृत्त करण्याचें अधिक आहे. समोर पाण्याचा पेला आहे, घसा कोरडा पडला आहे. तरीहि हात पुढें होण्यास आंतून कांहीं ओढ लागावी लागते. ही ओढ उत्पन्न करण्यांत डोपामाइनचा मोठा भाग आहे. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तेव्हां हें रसायन दोहोंमधल्या फटींत सोडलें जातें, आणि काम होतांच पहिली पेशी तें परत ओढून घेते. हें परत ओढणें रोखलें कीं निरोप अधिक वेळ टिकतो. आज सर्वांत अधिक दिलीं जाणारीं खिन्नतेवरील औषधें सेरोटोनिन नांवाच्या दुसऱ्या रसायनाच्या बाबतींत हेंच करतात. त्यांनीं असंख्य माणसें बरीं झालीं आहेत. परंतु कांहीं रोगी म्हणतात, ‘रडें थांबलें, पण उठावेंसें वाटत नाहीं.’ अशांना डोपामाइनवर चालणाऱ्या औषधाचें आकर्षण वाटावें, यांत नवल नाहीं.

अशीं तीन औषधें निरनिराळ्या वेळीं बाजारांतून काढून घेतलीं गेलीं. तीं जाण्याचीं कारणें तीन प्रकारचीं होतीं. आणि ह्या विषयांतील सारा बोध त्या तीन कारणांच्या फरकांत आहे.

पहिलें औषध त्या कारकुनाचें, नॉमिफेन्सीन. जर्मनींतील होख्स्ट कंपनीनें तें १९७६ सालीं आपल्या देशांत विक्रीस आणलें. पुढच्या वर्षीं तें ब्रिटनमध्यें आलें व १९८५ सालीं अमेरिकेंत. डोपामाइन व नॉरअॅड्रेनालीन ह्या दोन्ही रसायनांचें परत ओढलें जाणें तें रोखीत असे. जुन्या औषधांप्रमाणें तें गुंगी आणीत नसे आणि हृदयालाहि त्याचा त्रास कमी होई. म्हणून वृद्ध रोग्यांनाहि तें सोयीचें वाटे. परंतु कांहीं थोड्या लोकांत निराळेंच घडलें. त्यांच्या शरीराची संरक्षक शक्ति ह्या औषधाला परका शत्रु समजून त्याविरुद्ध द्रव्यें निर्माण करूं लागली, आणि त्या लढाईंत रक्तांतील तांबड्या पेशी भराभर फुटूं लागल्या. माणूस पांढराफटक पडे, कावीळ दिसे, कित्येकांचीं मूत्रपिंडें काम करीनातशीं होत. कांहीं रोगी दगावले. तेव्हां जानेवारी १९८६ मध्यें कंपनीनें हें औषध जगभर परत घेतलें.

येथें त्या कारकुनाचा युक्तिवाद पुन्हां ऐकावा. ‘मीं दोन वर्षें घेतलें, मला कांहीं झालें नाहीं, म्हणून मला होणार नाहीं.’ हा युक्तिवाद ऐकावयास सरळ वाटतो. घाटावरून दोनशें वेळां गेलेल्या गाडीवानाला घाटाची भीति कमी वाटते, तसें हें आहे. पण संरक्षक शक्तीच्या ह्या रोगाचें गणित उलट आहे. ह्या जातीच्या प्रतिक्रियेंत शरीर आधीं औषधाची ओळख करून घेतें आणि ती ओळख ध्यानांत ठेवतें. मध्यें खंड पडून तेंच औषध पुन्हां पोटांत गेलें, तर पहिल्या वेळीं कांहींहि झालेलें नसतांना दुसऱ्या वेळीं एकाएकीं भडका उडूं शकतो. म्हणजे ‘पूर्वीं मला सोसलें’ हा ज्याला तो आपला दाखला समजतो, तो दाखला येथें चालत नाहीं. उलट पूर्वीं घेणें आणि पुन्हां सुरू करणें हेंच भिण्याचें कारण होऊन बसतें. शिवाय हा धोका मात्रेवर अवलंबून नसतो. अर्धी गोळी घेतली म्हणून माणूस वांचेल असें नाहीं. कोणाच्या वाट्याला तो येणार, हें आधीं सांगतां येत नाहीं. जो धोका आधीं ओळखतां येत नाहीं व कमी घेऊन टाळतांहि येत नाहीं, तो घरीं बसून तोलावयाचा तरी कसा?

दुसरें औषध अॅमिनेप्टीन. फ्रान्समधील सर्व्हिये कंपनीनें तें १९७८ सालीं ‘सर्व्हेक्टर’ ह्या नांवानें बाजारांत आणलें. त्याचा भर विशेषतः डोपामाइनवर होता, आणि त्याचा गुण लौकर येतो अशी त्याची ख्याति होती. नेहमींची मात्रा दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम. परंतु हळूहळू असे रोगी दिसूं लागले कीं, जे ही मात्रा आपल्या मनानें कित्येक पटींनीं वाढवीत होते. औषध थांबविलें कीं बेचैनी व भीति त्यांना घेरीत असे. मोठ्या मात्रेनें तोंडावर व पाठीवर मोठाल्या पुटकुळ्या उठत आणि लौकर जात नसत. तरी ते गोळी सोडीत नसत. कांहींच्या यकृताला इजा झाली. १९९९ सालीं फ्रान्समध्यें हें औषध बंद झालें. २००३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या मादक पदार्थविषयक आयोगानें त्याला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादींत घातलें, आणि पुढें अमेरिकेनें त्याला सर्वांत कडक निर्बंधांच्या वर्गांत टाकलें. ह्याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, आज तें खाजगी रीतीनें मागविणारा माणूस अनेक देशांत केवळ प्रकृतीशीं खेळत नसतो, तर गुन्ह्याच्या उंबरठ्यावर उभा असतो.

पण कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी येथील अडचण पहिल्याहून निराळी व अधिक सूक्ष्म आहे. नॉमिफेन्सीनचा धोका रक्तांत होता; अॅमिनेप्टीनचा धोका इच्छेंत होता. डोपामाइन हा ओढीचा निरोप्या असें वर सांगितलें. जें औषध ओढच वाढवितें, तें आणखी हवें कीं नको हा निर्णय माणूस त्या वाढलेल्या ओढीनेंच करणार! दुकानदारानें तराजू हातीं घेतांना दांडीवर बोट ठेवावें, आणि मग वजन बरोबर आहे अशी शपथ घ्यावी, त्यांतला हा प्रकार. शपथ घेणारा लबाड असतो असें नाहीं. आपलें बोट दांडीवर आहे हें त्याला खरोखरच ठाऊक नसतें. म्हणून अशा औषधाच्या बाबतींत ‘मी सांभाळून घेईन’ हें आश्वासन, देणारा कितीहि प्रामाणिक असला तरी, पुरेसें नसतें. तेथें दुसऱ्या कोणाची तरी नजर लागते.

तिसरें औषध बुप्रोपिऑन. आणि त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण तें गेलें आणि परत आलें. भारतांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ नरिमान मेहता यांनीं अमेरिकेंतील बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९६९ सालीं हें द्रव्य प्रथम तयार केलें. डोपामाइन व नॉरअॅड्रेनालीन ह्या दोहोंवर त्याचा परिणाम होतो. १९८५ सालच्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें त्याला परवानगी दिली. आणि लगेच, १९८६ सालीं, तें बाजारांतून मागें घ्यावें लागलें. अतिखाण्याचा व ओकून टाकण्याचा मनोविकार असलेल्या कांहीं रोग्यांना तें दिलें असतां त्यांतील कित्येकांना फेंफऱ्यासारखे झटके आले होते.

तथापि शोध तेथेंच थांबला नाहीं. झटके केव्हां येतात व कोणाला येतात, ह्याचा हिशेब करण्यांत आला. दिवसाला ४५० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा असली तर हजारांत सुमारें चार जणांना झटका येतो, आणि ४५० ते ६०० च्या दरम्यान हें प्रमाण जवळजवळ दसपट होतें, असें आढळलें. प्रारंभीं तर ६०० पर्यंत मात्रा देण्याची मुभा होती. ज्यांना पूर्वीं झटके आले आहेत, ज्यांना वर सांगितलेला खाण्याचा विकार आहे, ज्यांनीं दारू एकाएकीं सोडली आहे, अशांना तें देऊं नये, हेंहि ठरलें. कमाल मात्रा ४५० ठरवून १९८९ सालीं हें औषध पुन्हां बाजारांत आलें. आज तें भारतांतहि डॉक्टरांच्या चिठ्ठीनें मिळतें. ह्याचें कारण उघड आहे. त्याचा धोका मात्रेशीं बांधलेला होता, म्हणून त्याला वेसण घालतां आली. कोणाला विशेष भय आहे हें ओळखतां येत होतें, म्हणून दारांतच गाळणी लावतां आली.

आतां हीं तीन औषधें शेजारीं ठेवून पाहावीं. तिन्ही परत घेतलेलीं. पण ‘परत घेतलेलें’ ह्या एका शब्दाखालीं तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. एकाचा धोका आंधळा होता. एकाचा धोका तोलणाऱ्यालाच भुलविणारा होता. आणि एकाचा धोका मोजतां येण्याजोगा होता. तेव्हां अशा औषधाच्या शोधांत असलेल्या माणसानें पहिला प्रश्न ‘तें कोठें मिळेल?’ हा विचारूं नये. ‘तें कां गेलें?’ हा विचारावा. दुसरा प्रश्न : ‘हा अपाय मला होईल कीं नाहीं हें आधीं कळण्याचा कांहीं मार्ग आहे काय?’ आणि तिसरा : ‘झालाच तर तो वेळेवर ओळखून मला थांबविणारें कोण आहे?’ ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं नाहींत, त्यानें आपण धोका तोलला असें म्हणूं नये. त्यानें फक्त डोळे मिटले आहेत.

येथें रोग्याच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तराजूला दोन पारडीं असतात. एका पारड्यांत औषधाचा धोका घालणारे पुष्कळदां हें विसरतात कीं, दुसऱ्या पारड्यांत रोग आहे. आणि खिन्नतेचा रोग हलका नाहीं. तो नोकऱ्या खातो, संसार खातो, आणि कधीं कधीं जीवहि घेतो. ज्याला सात औषधांनीं गुण आला नाहीं त्याला ‘धीर धरा’ एवढेंच सांगणें म्हणजे तहानलेल्याला विहीर किती खोल आहे तें सांगण्यासारखें आहे. म्हणून अशा माणसानें धाडसाचा विचार केला तर तो मूर्खपणानें केला असें समजूं नये. तो बहुधा थकव्यानें केलेला असतो. परंतु हाच थकवा त्याच्या हिशेबांतहि शिरतो. खिन्नतेंत माणसाला स्वतःच्या जिवाची किंमत कमी वाटते. जो आपला जीव चार आण्यांचा समजतो, त्याला चार आण्यांचा जुगार परवडतो. तोच माणूस बरा झाल्यावर तोच जुगार खेळणार नाहीं. हिशेब करणारें मनच आजारी असल्यामुळें तो हिशेब दुसऱ्या शहाण्या माणसापुढें मांडून पडताळून घ्यावा, हें सांगण्याचें कारण इतकेंच.

आणखी एक बाब शोध घेणाऱ्यांच्या लक्षांत येत नाहीं. त्यांच्या मनांत नांव असतें. हातीं मात्र पुडी येते. नांव आणि पुडी एकच असतील, याची हमी कोण देणार? कायदेशीर कारखान्यांच्या मालांतहि फरक पडतो, मग चोरवाटेची गोष्ट काय? २०१२ सालीं बुप्रोपिऑनच्याच एका कारखान्याच्या ३०० मिलिग्रॅमच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळीबद्दल अमेरिकन औषधखात्याला असें आढळलें कीं, ती मूळ गोळीच्या बरोबरीची नाहीं. आणि ती विक्रींतून काढावी लागली. ह्याहून भयंकर उदाहरण १९८२ सालचें, कॅलिफोर्नियांतलें. तें खिन्नतेवरील औषधाचें नव्हे, चोरून बनविलेल्या मादक द्रव्याचें आहे. पण त्याचा बोध येथें तंतोतंत लागू पडतो. कांहीं तरुण माणसें तें द्रव्य टोंचून घेतल्यावर थोड्याच दिवसांत लाकडासारखीं ताठ झालीं. त्यांना बोलतांहि येईना. शोध केल्यावर कळलें कीं, बनवितांना झालेल्या चुकीनें त्या द्रव्यांत एक दुसरेंच रसायन मिसळलें होतें, आणि त्या रसायनानें मेंदूंतील नेमक्या डोपामाइन बनविणाऱ्या पेशी मारून टाकल्या होत्या. म्हातारपणीं येणारा पार्किन्सनचा कंपवात त्यांना तरुणपणींच जडला. ज्या डोपामाइनच्या एका थेंबासाठीं माणूस धडपडतो, त्याची विहीरच एका अशुद्ध पुडीनें बुजूं शकते.

मग त्या कारकुनानें करावें तरी काय? हातीं लागलेलें औषध गेलें म्हणून त्या औषधानें दिलेलें ज्ञान जात नाहीं. हें ज्ञान फार मोलाचें आहे आणि बहुतेक रोगी तें फुकट घालवितात. ‘अमुक औषधानें मला बरें वाटलें’ एवढेंच न सांगतां, नेमकें काय बरें झालें तें वहींत लिहून काढावें. झोंप सुधारली कीं भूक? रडें थांबलें कीं उठण्याची उमेद आली? गुण किती दिवसांनीं आला? मात्रा किती होती? जोडीला दुसरें कोणतें औषध चालू होतें? हें टिपण घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे गेलें, तर त्याला रोगाची दिशा कळते. त्याच दिशेचीं दुसरीं औषधें आज उपलब्ध आहेत. बुप्रोपिऑन त्यांपैकीं एक. जुन्या काळचीं, खाण्यापिण्याचीं पथ्यें कडक असलेलींहि कांहीं आहेत. कंपवातावर देण्यांत येणारें प्रामिपेक्सोल हें डोपामाइनच्या जागीं काम करणारें औषध दुसऱ्या औषधांना न जुमानणाऱ्या खिन्नतेवर ब्रिटनमध्यें वापरून पाहण्यांत आलें, आणि २०२५ सालीं त्या चांचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या निरुपद्रवी गोळीपेक्षां त्यानें अधिक आराम पडला. पण मळमळ व झोंपेच्या तक्रारींमुळें अनेकांना तें सोडावेंहि लागलें. शिवाय ह्या जातीच्या औषधांनीं कांहीं लोकांना जुगाराची किंवा उधळपट्टीची अनावर ओढ लागते, म्हणून त्यांवर पहारा लागतोच. औषधांनीं मुळींच न हलणाऱ्या गंभीर खिन्नतेंत भूल देऊन केलेल्या विद्युत्-उपचारानेंहि पुष्कळांना गुण येतो. सांगावयाचें तात्पर्य असें कीं, एक दार लागलें म्हणजे सारें घर बंद झालें असें नसतें. मात्र उरलेलीं दारें एकट्यानें चांचपडून सांपडत नाहींत.

आणि एक इशारा. नव्याच्या शोधांत चालू असलेलें औषध कोणीहि एकाएकीं टाकून देऊं नये. पुष्कळ औषधें पायरीपायरीनें उतरवावीं लागतात; उडी मारली तर पाय मोडतो.

घरांतील माणसांसहि थोडें सांगितलें पाहिजे. रोगी एखाद्या बंद झालेल्या औषधाची चौकशी करीत आहे असें दिसलें, तर त्याच्यावर ओरडूं नये. पुडी लपविण्याची विद्या माणूस अशा ओरडण्यानेंच शिकतो. तो काय शोधतो आहे यापेक्षां कां शोधतो आहे हें त्याला विचारावें. बहुधा उत्तर येतें : ‘त्या दिवसांत मी माणसांत होतों.’ हें उत्तर ऐकणाऱ्यानें त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावें, आणि तेथें त्याची बाजूहि मांडावी. जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार त्याच्या बोलण्यांत येऊं लागले, तर मात्र एक दिवसहि वाट पाहूं नये. भारत सरकारनें २०२२ सालापासून ह्या कामीं १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि चालू केला आहे. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर असावा.

त्या कारकुनाला दुकानाच्या दारांत उभा ठेवून हें भाषण सुरू झालें. तेथेंच तें संपवितां येईल. त्याच्या हातांत परत आलेली चिठ्ठी आहे. उजवीकडे गेला तर एखादे दिवशीं त्याला तीच गोळी कोणा परक्याच्या हातून मिळेलहि. ती त्याच्या रक्तांत काय करील हें देणाऱ्याला ठाऊक नाहीं व घेणाऱ्यालाहि नाहीं. डावीकडे गेला तर डॉक्टरांच्या बांकावर पुन्हां बसावें लागेल, पुन्हां सारें सांगावें लागेल, पुन्हां कांहीं आठवडे वाट पाहावी लागेल. दुसरी वाट लांबची आहे आणि तींत लगेच सुख नाहीं, हें त्याच्यापासून लपवूं नये. पण त्या वाटेवर त्याच्याबरोबर चालणारें कोणी तरी असतें. दोन वर्षांपूर्वीं ज्याला अंथरुणावरून उठवत नव्हतें तो आज स्वतःच्या पायांनीं दुकानापर्यंत आला आहे. तेवढें बळ त्याच्या अंगीं आहे तोंच त्यानें डावीकडे वळावें.